मार्चअखेरचा गुडघा

आप्पांचा उजवा गुडघा फेब्रुवारीत सुजला की आमच्या घरात सगळ्यांच्या मनात एकच येतं, एप्रिलपर्यंत काढा आता कसंतरी. थंडीचा काही संबंध नाही हो. फेब्रुवारी-मार्च म्हणजे सरकारी वर्षाचं शेपूट, तोवर माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतले पैसे आटलेले असतात, हॉस्पिटलांची बिलं तुंबलेली असतात, आणि काउंटरवरची मुलगी कार्ड हातात घ्यायच्या आधीच सांगते, "काका, सध्या कॅशलेस बंद आहे, डिपॉझिट भरावं लागेल."

मागच्या खेपेला हे ऐकून माझं डोकं सटकलं, मी आवाज चढवला, तर आप्पांनी माझं मनगट धरून मला बाजूला घेतलं. "तिच्यावर कशाला खेकसतोस? तिचं काय चुकलंय? एप्रिलला पैसे पडत्यात वरनं. मग येऊ." आणि निळी रेक्झिनची पिशवी काखेत मारून लंगडत बाहेर पण पडले. आमच्या गावातले म्हातारे फौजी बजेटकडे पावसासारखं बघतात, म्हणजे 1 फेब्रुवारीला किती पडणार याचे अंदाज, मग नवीन वर्षात पहिली सर आली का, मग ऑगस्टपर्यंत बरं चाललंय, आणि दिवाळीनंतर पुन्हा ओढ. शेतकऱ्याला मृग पाठ असतो तसं यांना आर्थिक वर्ष पाठ झालंय.

आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतून 1998 ला हवालदार म्हणून पेन्शन आले. आमच्याकडे रिटायर झाले असं कोणी म्हणत नाही, पेन्शन आले म्हणतात. सातारा जिल्ह्याचं हे जुनंच आहे, अपशिंगे गावाच्या तर नावातच मिलिटरी आहे आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण कामी आले, त्यांच्या आठवणीचा दगड तिथे आहे, तसला दगड आमच्या गावात नाही पण घरटी एक फौजी आहेच. बेळगावला ट्रेनिंग, मग पंजाब, काश्मीर, आणि मधे शांतिसेनेतून श्रीलंका. गुडघा श्रीलंकेतलाच. रात्री एका ओढ्यात उडी मारली, पाय वाकडा पडला. आता गंमत अशी की हे त्यांनी कुठे लिहूनच दिलं नाही. एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, जाऊन दोन दिवस मलम लावून घेतलं आणि गप्प बसले, कारण मेडिकल कॅटेगरी खाली आली की प्रमोशन अडतं, आणि नाईकाचा हवालदार व्हायचं तेव्हा तोंडावर होतं. त्या गप्प बसण्याची किंमत नंतर कळली, अपंगत्वाचं पेन्शन मागायला कागद लागतो आणि ओढ्याला काय साक्ष देता येत नाही.

निळ्या पिशवीत डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, फोटो, झेरॉक्सचा गठ्ठा आणि प्लास्टिकच्या पाकिटात एक पिवळी पडलेली पावती आहे. 1,800 रुपयांची. हीच पावती खरं म्हणजे या सगळ्या भांडणाचं मूळ आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

2003 च्या आधी माजी सैनिकाच्या आजारपणाचं काय व्हायचं, तर मिलिटरी हॉस्पिटलमध्ये जागा असली तर बघायचे, नसली तर नाही. पुण्याला राहणाऱ्याला कमांड हॉस्पिटल तरी होतं, आमच्यासारख्या गावात काय होतं, एसटी होती. मग डिसेंबर 2002 मध्ये वाजपेयी सरकारने योजनेला मंजुरी दिली आणि 1 एप्रिल 2003 पासून ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची वर्गणीवरची आरोग्य योजना, सुरू झाली. संरक्षणमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस, ज्यांना मुंबईची जुनी माणसं संपांमुळे ओळखतात. कल्पना साधी होती, माजी सैनिकाने आयुष्यात एकदाच पेन्शनच्या हिशोबाने वर्गणी भरायची, मग त्याला, बायकोला आणि अवलंबून असलेल्यांना मरेपर्यंत उपचार. आधी आपल्या पॉलिक्लिनिकला जायचं, तिथे जमत नसेल तर रेफरल घेऊन यादीतल्या खासगी हॉस्पिटलला, आणि बिल परस्पर सरकार भरणार. 1996 च्या आधी पेन्शन आलेल्यांना वर्गणी माफ. आप्पा दोन वर्षांनी हुकले, त्यांनी एमआरओ, म्हणजे फौजेचं पैसे भरायचं चलन, करून 1,800 भरले. आज पेन्शनवर येणाऱ्या जवानाला खालच्या पायरीला 30,000 आणि वरच्या अधिकाऱ्याला 1,20,000 भरावे लागतात.

आप्पांच्या डोक्यात ती पावती म्हणजे करार आहे. मी पैसे दिले, तू औषध दे, विषय संपला. आणि दिल्लीच्या डोक्यात ती योजना म्हणजे दरवर्षी मंजूर होणारी बजेटमधली एक ओळ आहे, तेवढे पैसे संपले की संपले, पुरवणी मागणीत मिळाले तर मिळाले. हॉस्पिटलला माणूस जानेवारीत आला काय आणि जूनमध्ये आला काय, गुडघा तोच, हार्ट तेच, पण पैसा मात्र कॅलेंडर बघून येतो. कराराला ओळ पुरत नाही, सगळं दुखणं इथे आहे असं मला वाटतं. वर्गणीवर चालणारी योजना असं नाव असलं तरी त्या एकदाच्या वर्गणीत कोणाचा बायपास होणार, खरा खर्च सरकारच करतं आणि मग दरवर्षी तोच प्रश्न, किती करायचा.

आकडेच बघायचे तर 2023-24 ला या योजनेला साधारण 5,431 कोटी ठेवले होते, 2024-25 ला 6,968 कोटी, 2025-26 ला 8,317 कोटी. वाढलेत, खोटं कशाला बोला. पण लाभार्थी 60 लाखांच्या घरात आहेत, म्हणजे डोई वर्षाला 14,000 च्या आसपास, आणि ही सगळी म्हातारी होत चाललेली माणसं. 2025-26 चं एकूण संरक्षण बजेट 6,81,210 कोटी होतं, त्यातले शंभरातले सव्वा रुपये या कामाला. सव्वा रुपया! देवाला ठेवतो तेवढा.

आता दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे, नाहीतर मी नुसता फौज्याचा पोरगा म्हणून रडतोय असं होईल. त्याच बजेटात नुसत्या पेन्शनला 1,60,795 कोटी होते, जवळजवळ चौथा हिस्सा. विमानं, तोफा, पाणबुड्या पण त्याच पिशवीतून घ्यायच्यात. आणि हॉस्पिटलांचं पण ऐकून घ्या. त्यांना दर मिळतो केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या योजनेचा, त्यातले बरेचसे दर 2014 पासून हललेच नव्हते, मोठा बदल झाला थेट ऑक्टोबर 2025 मध्ये. दहा-अकरा वर्षं जुन्या दराने ऑपरेशन करायचं आणि त्याचे पण पैसे सहा-आठ महिन्यांनी, किराणा दुकानदार सुद्धा एवढी उधारी ठेवत नाही. काही ठिकाणी फुगवून बिलं लावली जातात हे पण खरं, सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगच्या 2015 च्या अहवालात यातलं बरंच आलं होतं, उशिरा जाणारी बिलं, तुटवड्यातली औषधं, जादा आकारणी. म्हणजे सरकार म्हणतं हॉस्पिटलं लुटतात, हॉस्पिटलं म्हणतात सरकार बुडवतं, आणि आप्पा मधे उभे, एका पायावर भार देऊन.

हा अहवाल आला ते वर्ष आठवून बघा जरा. 2015 म्हणजे वन रँक वन पेन्शनचं वर्ष, रँक आणि नोकरीची वर्षं सारखी असली तर कधीही पेन्शन आलेल्याला पेन्शन पण सारखंच द्या, ही ती मागणी. तेव्हा आमच्या गावच्या पारावर दुसरा विषयच नव्हता. त्याची कथा लांब आहे, राज्यसभेच्या याचिका समितीने 2011 ला मागणी मान्य करा म्हणून सांगितलं, त्या समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी (होय तेच, आपले नंतरचे राज्यपाल, आपल्याला ते वेगळ्याच कारणांनी लक्षात राहिले). सप्टेंबर 2013 ला रेवाडीच्या सभेत मोदींनी तो विषय उचलला, फेब्रुवारी 2014 च्या अंतरिम बजेटात चिदंबरम यांनी 500 कोटी टाकले, मग सरकार बदललं, वर्ष गेलं तरी काही होईना म्हणून जून 2015 पासून म्हातारे फौजी जंतरमंतरवर बसले. 14 ऑगस्टला पोलिसांनी त्यांना हुसकवायचा प्रयत्न केला. मेडल लावलेल्या म्हाताऱ्याचा ओढाताणीत फाटलेला शर्ट टीव्हीवर दिसला तेव्हा आप्पांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं होतं, तेवढं मला आठवतंय. 5 सप्टेंबरला संरक्षणमंत्री पर्रीकरांनी घोषणा केली, त्या त्यांच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातच, वर्षाला 8,000 ते 10,000 कोटींचा बोजा पडेल म्हणून सांगितलं. गोव्याचा माणूस आहे, साधा आहे, करेल काहीतरी, असं आमच्याकडे लोक म्हणायचे, आणि केलं पण, जरी सगळं मागितल्यासारखं नाही.

पण औषधांचं काय? त्या अहवालावर कोणी उपोषणाला बसलं नाही. कारण सरळ आहे, पेन्शनची घोषणा होते, औषधाची होत नाही. "वन रँक वन पेन्शन" हे ओरडता येतं, मुठी आवळून. "आमची मेटफॉर्मिन वेळेवर द्या" असं काय ओरडणार? सीमेवरच्या जवानाचा फ्लेक्स लागतो, शहीद जवानाचा चौक होतो, पण साखर वाढलेल्या, लघवीला रात्री चारदा उठणाऱ्या माजी जवानाचा कोणी फ्लेक्स लावत नाही. 26 जानेवारीला शाल-श्रीफळ देतात, नारळ आम्ही चटणीला वापरतो.

पॉलिक्लिनिकला मी आप्पांना घेऊन महिन्यातून एकदा जातो. कुठलं ते राहू द्या, सगळीकडे थोड्याफार फरकाने असंच असेल. सकाळी सातला गेलं तरी तीस-चाळीस जण आधी आलेले असतात. बसायची एक अलिखित पद्धत आहे, टोकन कितीही असो, सुभेदार साहेब आले की बाकावरचा हवालदार उठतो. पंचाहत्तरीचा माणूस ऐंशीच्या माणसाला "बसा साहेब" म्हणून जागा देतो आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहतो, मला आधी हसू यायचं आता येत नाही. दोन फार्मासिस्टच्या जागी एकच, डॉक्टर कंत्राटावर, वर्ष-दोन वर्षांत बदलतात. आणि औषधाच्या खिडकीवर चिठ्ठी परत येते तेव्हा तिच्यावर निळ्या पेनने काही नावांपुढे दोन अक्षरं लिहिलेली असतात, एनए. नॉट अव्हेलेबल. मग ठरलेल्या केमिस्टकडून येईल, चार दिवसांनी या. एकशे दहा रुपयांच्या गोळीसाठी जाऊन-येऊन दीडशेचं पेट्रोल, म्हणून आम्ही बाहेरून घेतो, बरेच जण घेतात. कुठल्याच थकबाकीच्या आकड्यात ही गोळी दिसत नाही, आणि सरकारचं असं किती वाचत असेल याचा हिशोब कोण मांडणार.

रँकचं म्हणाल तर ती पलंगापर्यंत येते. हवालदारापर्यंत जनरल वॉर्ड, नायब सुभेदारापासून सेमी प्रायव्हेट, अधिकाऱ्याला प्रायव्हेट. नियमच आहे. आप्पांना त्यात काही वावगं वाटत नाही, "फौज है" म्हणतात. मला वाटतं. हाडाला काय रँक असते का?

तर पैसे पुरत नाहीत, हे झालं. मग काय करायचं, एक तर पैसे वाढवायचे, नाहीतर माणसं कमी करायची. आणि मला गेल्या काही वर्षांत जे दिसतंय ते असं, की भांडण आता पैशावरून सरकून शब्दावर आलंय. माजी सैनिक कोणाला म्हणायचं. जखम कशाला म्हणायचं.

2019 च्या जूनमध्ये परिपत्रक आलं की अपंगत्वामुळे नोकरीतून काढावं लागलं त्याचंच अपंगत्व पेन्शन करमुक्त, जो दुखापत घेऊन पूर्ण नोकरी करून आला त्याला टॅक्स. सप्टेंबर 2023 ला नवे नियम आले, त्यात दुखापत असून नोकरीत राहिलेल्यांसाठी नावच बदललं, "इम्पेअरमेंट रिलीफ", आणि बीपी-शुगरसारखे आजार नोकरीमुळे झाले हे मान्य व्हायच्या अटी कडक झाल्या. सैन्याचं म्हणणं की खऱ्या जखमींचं नाव वापरून काही जण फायदा घेतात, ते थांबवायचंय. असतील तसे, नाही असं नाही, अधिकाऱ्यांच्यात जास्त असतील असं पारावर म्हणतात. पण मला माझे आप्पा दिसतात ना, ज्यांनी प्रमोशनपायी जखम लपवली.

आणि मग अग्निवीर. जून 2022 ला योजना आली, चार वर्षं नोकरी, शंभरातल्या पंचवीस जणांनाच पुढे ठेवणार, बाकीच्यांना सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी देऊन राम राम. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, आणि म्हणून ईसीएचएसचं कार्ड पण नाही. ऑक्टोबर 2023 ला बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचिनला ड्यूटीवर मरण पावला, तेव्हापासून हे भांडण पेपरात आलं, मग 1 जुलै 2024 ला लोकसभेत राहुल गांधी आणि राजनाथ सिंह यांची जुंपली ती मेलेल्या अग्निवीराच्या घरच्यांना किती पैसे मिळाले यावरून. परत तेच बघा, भांडण मेलेल्याच्या पैशावरून झालं. जो जिवंत परत येईल, गुडघा दुखवून किंवा एका कानाने कमी ऐकू येऊन, त्याच्या चाळिशीतल्या ओपीडीचं काय, हे त्या दिवशी कोणाच्या तोंडात नव्हतं. बजेटची ओळ पुरत नसेल तर शब्द आखूड करा, इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

शब्द उलट्या बाजूने पण ताणता येतो, हे मी खडकवासल्यामुळे शिकलो. तिथल्या एनडीएत, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीत, किंवा देहरादूनला ट्रेनिंगमध्ये जबर जखमी होऊन जे कॅडेट बोर्ड आऊट झाले, म्हणजे अनफिट म्हणून घरी पाठवले गेले, ते कमिशन मिळालं नाही म्हणून कधी माजी सैनिक झालेच नाहीत. 1985 पासून असे सुमारे 500. विशीतली पोरं, काही जण मानेपासून खाली लुळी, आणि पाठीशी फक्त आईबाप. ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने आपणहून हा विषय हातात घेतला आणि त्याच महिन्याच्या शेवटी सरकारने त्यांना ईसीएचएस लागू केली, वर्गणी सुद्धा माफ. चाळीस वर्षांत जे बसत नव्हतं ते काही दिवसांत बसलं. मला आनंद झाला आणि रागही आला.

आमच्या शेजारचा एक पोरगा अग्निवीर आहे, पहिल्या बॅचचा, त्यांची चार वर्षं आता भरत आलीयत. मागे सुट्टीवर आला होता तेव्हा आप्पांना भेटायला आला, पाया पडला, ओट्यावर बसला. मी आप्पांच्या आयुष्मान कार्डाची भानगड बघत होतो, सत्तरीच्या वरच्यांना 2024 च्या ऑक्टोबरपासून ते मिळतं पण ईसीएचएस असेल तर दोन्हीतलं एकच निवडायचं, आणि मी आप्पांना म्हणत होतो की विचार करू. आप्पा ऐकायलाच तयार नाहीत. "ते सरकारनं सगळ्यांना दिलंय. हे माझं हाय, पैसे भरून घेतलेलं."

पोराने पिशवीतली पावती मागून घेतली, उलटसुलट करून बघितली. "आज्जा, अठराशेच? मी पण भरतो की. तीस हजार म्हणलं तरी भरीन."

आप्पा काही बोलले नाहीत. फौजेतली माणसं वरच्या हुकुमावर मत देत नाहीत. मग त्यांनी विचारलं, "पायाला काय झालंय तुझ्या? चालताना टाकतोयस कसा?"

"काही नाही आज्जा, पीटीला जरा मुरगाळला. सांगितलं नाही कोणाला. आता ते पंचवीस टक्क्यांचं सिलेक्शन आहे ना तोंडावर."

आप्पांनी त्याच्याकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, आत गेले, त्यांची मलमाची ट्यूब घेऊन आले, अर्धी संपलेली, खालून गुंडाळत आणलेली, आणि त्याच्या हातात देऊन म्हणाले, "उद्या सकाळी माझ्यासोबत चल. डॉक्टरकडं. पैशाचं बघू. आणि कागद करून घे. कागद करून घे, लेका."

पोरगा मान हलवून हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आंघोळ करून, निळी पिशवी घेऊन ओट्यावर बसले होते. नऊला कळलं, तो पहाटेच्या गाडीने गेला.